ग्रास ज्युवेल

ग्रास ज्युवेल हे लायसेनिडी कुळातील फ्रेयेरिया प्रजातीचे फुलपाखरू. पंखविस्तार जेमतेम १५ ते २२ मिमी. भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांत त्याची गणना होते. भारतात त्याच्या दोन जाती आढळतात : आफ्रिका, ग्रीस, तुर्कस्तानापासून इकडे पसरलेली ट्रॉकिलस आणि भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत गेलेली पुतली. पूर्वी पुतलीला ट्रॉकिलसचीच उपजाती मानत.

पंख वरून मातकट तपकिरी असतात. ‘ब्ल्यू’ गटातले असूनही अंगावर निळेपण जवळजवळ नाही. खरी खूण पंखांखाली : मागच्या पंखाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची रांग, त्यांत धातूसारखी हिरवट-निळी चकाकी आणि आतल्या बाजूने नारिंगी कड. पंख मिटून बसले की ते मागचे पंख एकमेकांवर घासत राहते आणि उन्हात हे ठिपके लुकलुकतात. टायनी ग्रास ब्ल्यू, लेसर ग्रास ब्ल्यू या फुलपाखरांशी गल्लत हमखास होते. त्यांच्याकडे ही नारिंगी कड नसते. म्हणून वरून काढलेल्या फोटोवर विसंबू नये. कॅमेरा जमिनीला टेकवून खालची बाजू टिपावी आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. उडाले तरी वीतभर उंचीवरून जाऊन दोन-चार पावलांवर पुन्हा बसते.

याचे घर म्हणजे मुरमाड, उथळ मातीचे उघडे माळरान. कुसळी गवताच्या विरळ ठोंबांमधल्या मोकळ्या जागेत नीळवर्गातील छोटी रोपे आणि गोधडी ही वनस्पती जमिनीला चिकटून पसरते. मादी त्यांवर सुटी अंडी घालते. अळी हिरवी, चपटी, पाठीवर गडद रेघ असलेली. पाने, कळ्या, फुले खाते. तिच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड द्रव पाझरतो. त्यासाठी मुंग्या तिच्याभोवती घुटमळतात. हिरव्या पानावरची हिरवी अळी सहसा दिसत नाही, म्हणून मुंग्यांची ये-जा कुठे आहे ते आधी पाहावे.

फुलपाखरू दुर्मीळ नाही, पण माळाला ‘पडीक’ ठरवून खड्डे खणले आणि ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली, की त्या जागेवरून ते जाते. झाडे लावणे चांगलेच, हा समज इथे नडतो : ही खुजी रोपे सावलीत टिकत नाहीत. गवत फार दाट झाले तरी ती झाकोळतात. त्यामुळे माफक चराई त्यांना बाधत नाही. वणवा मात्र रोपांवरची अंडी, अळ्या आणि कोष एकाच वेळी जाळून टाकतो.