गरम वाफांचं मूळ मेंदूत

पाळी जाण्याच्या वयात छातीतून मानेकडे आणि चेहऱ्यावर वाफ चढते, दरदरून घाम फुटतो, मग हुडहुडी भरते. बराच काळ याचं खापर फक्त अंडाशयांवर फुटलं. तिथलं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आटलं, तर ते बाहेरून द्यायचं. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२मध्ये मंजूर झालं आणि पुढची साठेक वर्षं हाच मुख्य उपाय राहिला.

पण १९७९मध्ये दिसलं, की वाफ येते तेव्हाच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून अंडाशयाला चालना देणाऱ्या एलएच हार्मोनचा लोंढा सुटतो. पिट्युटरी काढलेल्या स्त्रियांनाही वाफा येत होत्या. म्हणजे मूळ तिच्याही वर, तिला हुकूम देणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात. १९९१मध्ये अमेरिकी संशोधक नेओमी रान्स यांना मृत स्त्रियांच्या मेंदूत त्याचा धागा सापडला. पाळी गेलेल्या स्त्रियांत तिथल्या ठरावीक चेतापेशी फुगलेल्या होत्या आणि न्यूरोकायनिन-बी हा चेतापेशींचा निरोप नेणारा रेणू जास्त बनवत होत्या. एरवी इस्ट्रोजेन या पेशींना आवरून धरतं. तो लगाम सुटला की त्या शेजारच्या तापमान-केंद्राला सतत चिथावतात. मग शरीराचं तापमान किंचित वाढलं, तरी घाम फुटतो.

हा शोध दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत २००२ उजाडलं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) यांच्या १६,६०८ स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्याने ती मध्येच थांबवली. सहभागींचं सरासरी वय ६३ होतं. तरी तो निष्कर्ष पन्नाशीच्या स्त्रियांना सरसकट लावला गेला, असंख्य जणींचे उपचार तुटले. ही चूक फार महागात पडली.

२०१५मध्ये लंडनमध्ये पाळी चालू असलेल्या निरोगी स्त्रियांना शिरेतून न्यूरोकायनिन-बी दिलं आणि बहुतेकींना वाफा आल्या. आता हा दुवा पक्का झाला. न्यूरोकायनिन-बी पेशीवर ज्याला चिकटतं तो रिसेप्टर अडवणाऱ्या एका औषधाने २०१७मध्ये वाफा कमी केल्या, पण काही जणींचे यकृताचे एन्झाइम वाढल्याने ते मागे पडलं. त्याच वर्गातल्या फेझोलिनेटंटला अमेरिकेत मे २०२३मध्ये मंजुरी मिळाली: रोज ४५ मिलिग्रॅमची एक गोळी. यकृताच्या गंभीर इजेचा ठळक इशारा त्यावर २०२४मध्ये आला. म्हणून सुरू करण्याआधी, पहिले तीन महिने दरमहा, मग सहाव्या आणि नवव्या महिन्यात यकृताची रक्ततपासणी लागते. गडद लघवी, अंगाला खाज, डोळे पिवळे दिसले तर गोळी लगेच थांबवून डॉक्टर गाठावा. हाडांची झीज किंवा योनीचा कोरडेपणा या गोळीने थांबत नाही; त्यांचा उपचार वेगळा करावा लागतो.