पोराची किडनी झपाट्याने बिघडतेय? योजनेचे कागद आजच काढा

लघवी काळ्या चहासारखी, सकाळी डोळे सुजलेले, बीपी वाढलेलं आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी) दोन-दोन दिवसांनी वर चढतंय, आणि डॉक्टर 'आरपीजीएन' किंवा 'क्रेसेंटिक' (किडनीतल्या गाळण्यांना झपाट्याने वाढणारी सूज) म्हणाले, तर वेळ फार कमी आहे. किडनी काही दिवसांत-आठवड्यांत निकामी होऊ शकते. बायोप्सी (किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं), सलाईनमधून स्टिरॉइड, कधी प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलणं, डायलिसिस हे सगळं लगोलग लागतं, म्हणून कागदांसाठी उपचार अडवू नका, एकाने पोराजवळ बसा आणि दुसऱ्याने कागदांमागे पळा.

पहिलं काम, हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. 155388 वर फोन केला तरी कळतं. असेल तर ॲडमिट केल्याच्याच दिवशी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) गाठा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कव्हर आहे, आणि पिवळं-केशरीच नाही, आता पांढरं रेशनकार्डही चालतं. योजना कॅशलेस आहे आणि मंजुरी हॉस्पिटलच मागतं, त्यामुळे सगळं बिल आधी भरून मग चौकशीला जाऊ नका. रेशनकार्ड, आधार, पोराचा जन्मदाखला, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. माझी भाची सात वर्षांची झाली तरी तिचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नव्हतं, ऐन डायलिसिसच्या वेळी ते कळलं आणि दोन दिवस नुसती धावपळ झाली. तुमच्या घरातल्या कार्डावर पोराचं नाव आहे का, स्पेलिंग आधारसारखंच आहे का, आत्ता उठून बघा.

योजनेत बसलं नाही किंवा पैसे कमी पडले तर मुख्यमंत्री सहायता निधी. इथे वार्षिक उत्पन्न 1.60 लाखांच्या आत हवं आणि तहसीलदारांचा चालू वर्षाचाच दाखला लागतो, त्यात वेळ जातो म्हणून तो आधी टाका. अर्जासोबत हॉस्पिटलचं खर्चाचं एस्टिमेट (खाजगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित केलेलं), रिपोर्ट, रेशनकार्ड आणि लहान मुलांसाठी आईचं आधार. पैसे तुमच्या नाही, हॉस्पिटलच्या खात्यात येतात.

किडनी परत चालू झालीच नाही तर ट्रान्सप्लांट. आईबाबा, आजीआजोबा देऊ शकतात, 18 वर्षांच्या आतली भावंडं नाहीत. घरचा डोनर नसेल तर झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणारी विभागीय समिती) यादीत नाव हॉस्पिटलमार्फतच लागतं, आणि ती नोंदणीची पावती जपून ठेवा, सीएम फंडाच्या अर्जाला तीही जोडायची असते.