शिडी की रबरी बोट: फिन्स आधी की शेवटी?

कोल्हापूरकरांना रबरी बोट नवी नाही. २०१९च्या पुरात आंबेवाडी-चिखलीची माणसं अशाच बोटींतून बाहेर काढली. पण तेव्हा दारातून नाहीतर माडीवरून बोटीत उतरायचं होतं. मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला स्कूबा डायव्ह संपवून वर आलात की पाण्यातून बोटीत चढायचं असतं, आणि समुद्र खवळला असेल तर बोट एका जागी थांबत नाही. मोठ्या बोटीला शिडी असते, रबरी बोटीला बहुधा नसते. दोन्हीकडचा सामान काढायचा क्रम एकमेकांच्या उलटा आहे.

शिडीवर फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायची पाती, आधी निघतात; हवेचा सिलिंडर पाठीवरच राहतो. फिन्स घालून पायरीवर पाऊल बसत नाही, पातं अडकतं आणि माणूस मागे पडतो. पण फिन्स काढले की पोहण्याची ताकद गेली. म्हणून एक हात शिडीवर किंवा बोटीमागे सोडलेल्या तरंगत्या दोरीवर पक्का असल्याशिवाय दुसऱ्या हाताने फिन्सचा पट्टा सोडायचा नाही. लाटेबरोबर शिडी वर उचलली जाते आणि आपटत खाली येते. तिच्याखाली डोकं सापडलं तर फुटेल. हातभर बाजूला थांबा. शिडी अगदी खाली आली की दोन्ही हातांनी धरा, पाय ठेवा. पुढची लाट बोटीबरोबर तुम्हालाही वर घेते. मधोमध एकच दांडा आणि दोन्हीकडे उघड्या पायऱ्या असलेली शिडी असेल तर मात्र फिन्स घालूनच चढता येतं.

रबरी बोटीपाशी फिन्स शेवटपर्यंत पायातच. आधी सिलिंडर बांधलेलं, हवा भरून तरंगवणारं जॅकेट फुगवा आणि बोटीच्या कडेची दोरी धरा. मग शिसाचा पट्टा वर द्या, त्यानंतर सिलिंडरसकट जॅकेट. हा क्रम चुकवू नका. जॅकेट आधी काढलं तर तरंगवणारी वस्तू गेली आणि बुडवणारं शिसं कमरेलाच राहिलं. सगळं वर गेलं की पाय मागे, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणा, जोरात फिन्स मारा, हातांनी बोटीचा फुगा खाली दाबा आणि पोटावर आत लोळा. फिन्स आधीच काढले तर पाय गोल बुडाखाली ओढले जातात आणि माणूस नुसता लोंबकळतो. तालमीत कमावलेले दंड इथे फारसे कामाला येत नाहीत; उचल पायांतून मिळते.

मास्क मात्र दोन्हीकडे बोटीत बसेपर्यंत डोळ्यांवर. सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर शिडीवर शेवटपर्यंत तोंडात. रबरी बोटीपाशी तो जॅकेटबरोबरच जातो, म्हणून जॅकेट काढल्यावर रेंगाळू नका. पंचगंगेत पोहून तयार झालेला गडी वर येताच मास्क कपाळावर सरकवतो, आणि पुढची लाट नाकात जाते.

इंजिन बंद झाल्याची खूण होडीवाल्याने केल्याशिवाय जवळ जायचं नाही. इंजिन चालू ठेवून नुसत्या न्यूट्रलवर भरवसा नको, गिअर चुकून पडू शकतो. एक जण शिडीवर असेल तर बाकीचे दोरीच्या टोकाकडे थांबतात, शिडीखाली कधीच नाही: सिलिंडर, जॅकेट आणि शिसं मिळून २० किलोच्या आसपास वजन होतं, आणि पडणारा माणूस त्यासकट खाली येतो.