ग्लॉक पिस्तूल

ग्लॉक हे ऑस्ट्रियन बनावटीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, म्हणजे ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, अमेरिकेत पोलिसांच्या कमरेला बहुतेक वेळा हेच दिसतं. गंमत म्हणजे बनवणाऱ्या गास्टन ग्लॉकला पिस्तुलांचा अनुभवच नव्हता, व्हिएन्नाजवळ त्याचा पडद्याचे रॉड, आर्मीसाठी सुरे वगैरे बनवायचा कारखाना होता. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियन आर्मीला जुनं वॉल्थर पी३८ बदलायचं होतं, तेव्हा ह्याने जाणकारांना गाठून तुम्हाला पिस्तुलात नक्की काय हवंय ते विचारून घेतलं आणि १९८२ मध्ये नावाजलेल्या कंपन्यांना मागे टाकून ऑर्डर खिशात घातली. ग्लॉक १७ हे नाव सतराव्या पेटंटवरून, मॅगझिनमध्ये गोळ्याही १७ च मावतात तो योगायोग.

बॉडी पॉलिमरची म्हणजे प्लास्टिकची, त्यामुळे वजन कमी. असं पहिलं पिस्तूल हे नव्हे, जर्मनीचं व्हीपी७० आधीच आलं होतं, पण बाजारात गाजलं ते ग्लॉकच. बाजूला सेफ्टीचा खटका नाही, ट्रिगरच्या मधोमध एक बारीक पट्टी असते, ती बोटाने दबली तरच ट्रिगर मागे येतो, बाकीच्या दोन सेफ्टी आतल्या आत. म्हणजे चूक करायला वावही कमी आणि चुकून बोट गेलं तर अडवणारंही कोणी नाही, त्यावरून वाद आजही चालूच आहेत.

पोलिसांकडे ते वळलं त्याला कारण १९८६. एप्रिलमध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, बऱ्याच एजंटांकडे रिव्हॉल्वर होती, सहा गोळ्या संपल्या की गोळीबार चालू असताना भरत बसायचं. मग देशभर पोलीस खाती सेमी-ऑटोमॅटिक शोधायला लागली आणि ग्लॉकचं अमेरिकेतलं ऑफिस जॉर्जियातल्या स्मर्ना गावात तयारच होतं. खात्यांना डिस्काउंट, वर जुनी हत्यारं एक्स्चेंजमध्ये घ्यायची आणि पोलीस वापरतात म्हटल्यावर सामान्य गिऱ्हाईक आपोआप, धंदा म्हणून डोकं भारीच.

त्याच सुमारास पेपरात बोंब उठली की हे प्लास्टिकचं पिस्तूल एअरपोर्टवर पकडलंच जात नाही, अतिरेकी विमानात नेतील. खरं तर स्लाइड (वरचा सरकणारा भाग) आणि बॅरल (नळी) स्टीलचे, वजनातला मोठा भाग धातूच. अमेरिकेच्या संसदेत सुनावण्या झाल्या, १९८८ मध्ये न सापडणाऱ्या बंदुकांवर बंदीचा कायदा आला, पण त्यात ग्लॉक बसतच नव्हतं. फुकटची जाहिरात मात्र जोरात झाली. १९९० च्या 'डाय हार्ड २' मध्ये तर चक्क पोर्सेलीनचं 'ग्लॉक ७' आहे, जे कधी बनलंच नाही. पुढे रॅपवाल्यांनी उचललं, ब्लॉकशी (म्हणजे गल्ली-मोहल्ल्याशी) यमक फुकटात जुळतं.

दुसरी बाजू पण आहे. २००७ च्या व्हर्जिनिया टेक हत्याकांडात ३२ लोक मारले गेले, तिथे वापरलेल्या दोन पिस्तुलांत एक ग्लॉक १९ होतं. अलीकडे 'स्विच' नावाचा बेकायदा सुटा भाग बसवून ते मशिनगनसारखं चालवतात, त्यावरून शिकागो शहराने २०२४ मध्ये कंपनीवर केस टाकली.

ग्लॉक १७ ची गोळी ९ एमएमची, आणि आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), साध्या लायसन्सवर मिळत नाही, एनएसजीच्या कमांडोंकडे मात्र ग्लॉक असतं.