सोन्याने माखलेला राजा आणि न सापडलेलं शहर: एल दोरादोची पार्श्वभूमी

एल दोरादो म्हटलं की जंगलात दडलेलं सोन्याचं शहर डोळ्यांपुढे येतं. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'सोन्याने मढलेला' असा आहे, आणि सुरुवातीला तो एका माणसाबद्दल वापरला जात होता. या माणसाचं पुढे शहर झालं, शहराचं राज्य झालं, आणि ते राज्य युरोपातल्या नकाशांवर दोनशे वर्षं छापलं गेलं. दंतकथा म्हणून ती रंजक आहे खरी, पण तिच्यापायी हजारो माणसं मेली. त्यातली बहुतेक माणसं खजिना शोधायला निघालेलीच नव्हती. ओझी वाहायला त्यांना धरून नेलं होतं.

गोष्टीचं मूळ आजच्या कोलंबियात आहे. बोगोटा शहराच्या ईशान्येला, अँडीज पर्वतात साधारण तीन हजार मीटर उंचीवर ग्वाताविता नावाचं वाटोळं तळं आहे. तिथे मुइस्का लोकांची वस्ती होती. १६३६ च्या सुमारास बोगोट्याच्या हुआन रोद्रीगेस फ्रेयले यांनी तळ्यावरच्या राज्याभिषेकाचं वर्णन लिहून ठेवलं. ते त्यांनी ग्वातावितातल्या राजघराण्याच्या एका वंशजाकडून ऐकलं होतं. गादीवर बसणारा वारस आधी गुहेत राहून व्रत करायचा, मीठ-मिरची वर्ज्य. मग त्याच्या उघड्या अंगाला चिकट माती लावून वरून सोन्याची पूड उडवायचे. लव्हाळ्याच्या तराफ्यावर तो चार सरदारांसह उभा राहायचा, पायाशी सोनं आणि पाचूंचा ढीग. काठावर वाद्यांचा गजर चाललेला असे. तराफा तळ्याच्या मध्यावर पोचला की सगळं शांत होई आणि तो ढीग पाण्यात सोडला जाई.

म्हणजे ते सोनं देवाला वाहिलेलं होतं. पुरलेलं धन पुन्हा काढायच्या हिशेबाने ठेवतात. वाहिलेल्या धनावर वाहणाऱ्याचाही हक्क उरत नाही. माझ्या मते पुढचा सगळा अनर्थ हा फरक न कळल्यामुळे, किंवा कळूनही सोडून दिल्यामुळे झाला.

मुइस्कांच्या मुलखात सोन्याच्या खाणी जवळजवळ नव्हत्याच. त्यांची खरी श्रीमंती मिठाची होती. सिपाकिरा आणि नेमोकोन इथलं खारं पाणी मातीच्या मोठाल्या मडक्यांत आटवायचे. पाणी आटून आत मिठाचा घट्ट गोळा बसला की मडकं फोडून तो बाहेर काढायचे. हे मीठ, सुती चादरी आणि सोमोंदोकोचे पाचू देऊन ते खालच्या खोऱ्यांतल्या लोकांकडून सोनं घ्यायचे. त्यात तांबं मिसळून, मेणाचा साचा वितळवून, ओतीव काम करायचे. अंगठ्याएवढ्या चपट्या मानवाकृती बनवायचे आणि तळ्यांत, गुहांत, शेतांत वाहायचे. बाहेरच्याला मात्र दागिने तेवढे दिसले. जिथे एवढे दागिने तिथे खाण असणार, खाण नसेल तर साठा असणार, असा त्याने तर्क बांधला.

हा तर्क उगाच आलेला नव्हता. नोव्हेंबर १५३२ मध्ये पेरूतल्या काहामार्का इथे स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिसारोने इंका सम्राट आतावाल्पाला कैद केलं. सुटकेसाठी सम्राटाने सुमारे २२ फूट लांब आणि १७ फूट रुंद अशी खोली एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून द्यायचं कबूल केलं. महिनोन्‌महिने ओझी येत राहिली. मंदिरांचे पत्रे, घागरी, मूर्ती असं सगळं भट्टीत गेलं. त्यातून सुमारे सहा टन सोनं आणि जवळपास बारा टन चांदी निघाली. एकेका घोडेस्वाराच्या वाट्याला ४० किलोच्या आसपास सोनं आलं. खंडणी घेऊनही १५३३ च्या जुलैमध्ये आतावाल्पाला मारलंच.

या मोहिमांतल्या सैनिकांना स्पेनच्या राजाकडून पगार नव्हता. घोडा, तलवार, चिलखत पदरचं किंवा कर्ज काढून घेतलेलं, आणि कमाई म्हणजे लुटीतला वाटा. राजाचा पाचवा हिस्सा आधी बाजूला निघायचा. काहामार्काला जो हजर नव्हता, त्याच्या डोक्यावर कर्ज तसंच राहिलं. त्याला दुसरा पेरू सापडणं गरजेचं होतं, आणि अशी हजारो माणसं किनाऱ्यावरच्या वसाहतींत बसून होती.

त्यातूनच एक विलक्षण योग जुळून आला. एप्रिल १५३६ मध्ये गोन्सालो हिमेनेस दे केसादा आजच्या कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सांता मार्ता बंदरातून सातआठशे माणसं घेऊन निघाला. रोगराई, उपासमार आणि मगरींतून वाचून मुइस्कांच्या पठारावर पोचले ते दोनशेसुद्धा नव्हते. १५३९ मध्ये त्याच पठारावर दोन आणखी तुकड्या येऊन ठेपल्या. दक्षिणेकडच्या क्वितोहून (आजच्या इक्वेडोरमधून) सेबास्तियान दे बेलालकासार आला, आणि व्हेनेझुएलाहून जर्मन निकोलाउस फेडरमान. फेडरमान ज्या वेल्सर घराण्याचा नोकर होता, त्या आउग्सबुर्गच्या सावकारांना सम्राट पाचव्या चार्ल्सने १५२८ मध्ये अख्खा व्हेनेझुएला लिहून दिला होता. तीन दिशांनी निघालेले तिघे एकाच जागी भेटले, आणि पठार कुणाचं हे ठरवायला तिघेही स्पेनला गेले.

त्याआधी पठारावर जे घडलं ते सांगायलाच हवं. मुइस्कांचा राजा तिस्केसुसा मारला गेला होता, पण त्याचा खजिना हाती लागला नव्हता. त्याच्या मागून आलेल्या साहिपाला केसादाच्या माणसांनी धरलं. काहामार्काचीच नक्कल झाली आणि खोलीभर सोन्याचं वचन त्याच्याकडून घेतलं गेलं. खोली भरली नाही. मग छळ सुरू झाला, आणि त्यातच साहिपा मेला. नसलेला साठा तो दाखवणार कुठून?

मग लोक तळ्याकडे वळले. १५४० च्या दशकात केसादाचा भाऊ एर्नान याने माणसांची रांग लावून हातोहात पाणी उपसलं. पातळी तीनेक मीटर उतरली आणि काठचं थोडं सोनं मिळालं. १५८० च्या दशकात आंतोनियो दे सेपुल्वेदा नावाच्या व्यापाऱ्याने तळ्याची कडाच कापून पाणी बाहेर सोडलं. पातळी खूप खाली गेली, काही दागिने आणि पाचू निघाले, पण कापलेला कडा कोसळून बरेच मजूर गाडले गेले.

एवढ्यावर कथा थांबली नाही, ती पूर्वेकडे सरकली. याला एक साधं कारण होतं. गावात घुसलेले सशस्त्र लोक सोनं कुठे आहे म्हणून विचारतात, तेव्हा 'इथे नाही, पुढे आहे, नदीपलीकडे' असं सांगून त्यांना वाटेला लावण्यातच गावाचा जीव वाचायचा. फ्रान्सिस्कोचा भाऊ गोन्सालो पिसारो १५४१ मध्ये क्वितोहून दालचिनीची झाडं आणि सोनेरी राजा शोधायला निघाला. बरोबर नेलेले हजारो स्थानिक हमाल त्या जंगलात संपले. त्याचा साथीदार ओरेयाना अन्न आणायला म्हणून नदीने पुढे गेला, तो १५४२ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी समुद्रात निघाला.

केसादानेही म्हातारपणी, १५६९ मध्ये, पुन्हा मोहीम काढली आणि सगळं गमावलं. त्याच्या भाचीच्या नवऱ्याकडे, आंतोनियो दे बेरियोकडे, इस्टेटीबरोबर हा ध्यासही गेला. बेरियोला १५९५ मध्ये त्रिनिदादवर इंग्रज वॉल्टर रॅलीने पकडलं, आणि ध्यास रॅलीकडे आला. आता गयानातल्या पारिमे नावाच्या अफाट सरोवराकाठी मानोआ नावाचं शहर कल्पिलं गेलं. रॅलीची दुसरी मोहीम १६१७ मध्ये निघाली. तिच्यात त्याचा मुलगा मारला गेला आणि स्पॅनिश वस्तीवर हल्ला झाला. इंग्लंडच्या राजाने त्याला आधी सुनावलेली मृत्युदंडाची शिक्षा उकरून काढून २९ ऑक्टोबर १६१८ रोजी रॅलीचं डोकं उडवलं. पारिमे सरोवर मात्र नकाशांवर टिकून राहिलं. १८०० च्या सुमारास जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट ओरिनोको नदीच्या खोऱ्यात फिरला, आणि असं सरोवर नसल्याचं त्याने दाखवून दिल्यावर ते हळूहळू पुसलं गेलं.

ग्वाताविताला विसाव्या शतकातही सोडलं नाही. एका ब्रिटिश कंपनीने तळ्याखालून बोगदा खणून सगळं पाणी काढलं. उरलेला गाळ मऊ असताना त्यात पाय ठरेना, आणि उन्हाने वाळला तेव्हा दगडासारखा झाला. बोगदा चिखलाने बुजला आणि तळं परत भरलं. १९६५ मध्ये कोलंबिया सरकारने अशा खोदकामावर बंदी घातली.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९६९ मध्ये, बोगोट्याच्या दक्षिणेला पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना मातीच्या भांड्यात एक सोन्याचा तराफा मिळाला. लांबी जेमतेम वीतभर, १९.५ सेंटिमीटर. मधोमध एक मोठी आकृती, अंगावर दागिने, आणि भोवती तिच्या निम्म्यानेही नसलेली छोटी माणसं. तसाच एक तराफा १८५६ मध्ये सिएचा तळ्यात सापडला होता. तो जर्मनीला जाताना ब्रेमेन बंदरात आगीत नष्ट झाला. पास्काचा तराफा आज बोगोट्याच्या सुवर्ण संग्रहालयात आहे. आणि ग्वाताविताच्या कड्याला सेपुल्वेदाने पाडलेली खाच अजून तशीच दिसते.