‘सिली’ : धन्य माणसापासून खुळ्या माणसापर्यंत

क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्याला ‘सिली पॉइंट’ नवा नाही. बॅटपासून दोन-चार पावलांवर जाऊन उभं राहायचं, म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून ती जागा ‘सिली’. खुळा, पोरकट, बाष्कळ हाच या विशेषणाचा आजचा अर्थ. हजार वर्षांपूर्वी मात्र कुणाला असं म्हणणं हा त्याचा गौरव होता.

जुन्या इंग्रजीत ‘सॅल’ म्हणजे सुख, भाग्य. त्यावरून ‘सॅलिग’ : भाग्यवान, देवाची कृपा लाभलेला. जर्मन भाषेत याचंच भावंड ‘झेलिश’ अजून त्याच मानानं नांदतं. तिथे दिवंगत आईवडिलांचा उल्लेखही या शब्दानं करतात, आपण नावाआधी ‘कै.’ लावतो तसा.

इंग्रजीत मात्र अर्थ पायरी-पायरीनं घसरला. देवाच्या कृपेतला माणूस निष्पाप असतो. निष्पापाला दुसऱ्याचं कपट कळत नाही, तो फसतो, आणि फसलेल्याची लोक कीव करतात. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरनं बायकोकडून फसवल्या गेलेल्या एका सुताराची गोष्ट सांगितली. त्यात त्या सुताराला तो वारंवार ‘सीली’ म्हणतो. ‘बिचारा’ म्हणतोय की ‘बावळट’, हे नेमकं ठरवता येत नाही. मला ही जागा फार मोलाची वाटते, कारण कूस बदलताना शब्द इथे जवळजवळ डोळ्यांना दिसतो.

पुढे ‘सी’ ऱ्हस्व होऊन ‘सिली’ झालं. शेक्सपिअरच्या मेंढ्या ‘सिली’ आहेत त्या मूर्ख म्हणून नव्हे, दीनवाण्या म्हणून. सोळाव्या शतकातच ‘मूर्ख’ हा अर्थही रुळू लागला आणि हळूहळू बाकीचे अर्थ मागे पडले. स्कॉटलंडच्या लोककथांतल्या भल्या पऱ्या तेवढ्या ‘सीली’ राहिल्या.

आपल्याकडे ‘भोळा’ याच वाटेवर उभा आहे. ‘भोळा सांब’ म्हणताना हात जोडले जातात; ‘देवभोळा’त किंचित कीव मिसळते; आणि ‘भोळसट’ म्हटलं की मान संपलाच. इंग्रजीतला एकच शब्द जेवढा उतरला, तेवढं अंतर आपण एका शब्दाला वेगवेगळी रूपं देऊन पार केलं.

मूर्खपणाचा अर्थ पक्का झाल्यावर त्यातून नवे शब्दप्रयोगही निघाले. 1861 साली लंडनच्या ‘सॅटरडे रिव्ह्यू’नं ‘सिली सीझन’ हे नाव छापलं. उन्हाळ्यात संसद बंद, बडी मंडळी शहराबाहेर, आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरायला उरलेल्या फुटकळ बातम्या, असे ते दिवस.