पार्श्वभूमी: पॅनेल आणि वूफर यांच्यामधली रेघ

इंदूरमध्ये ख्याल ऐकणाऱ्या आम्हा काही मंडळींच्या बैठकीत गेला पावसाळाभर एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघत होता. टिळकनगरातल्या एका स्नेह्यांकडे हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांची जुनी जोडी आहे. तिच्या वूफरसाठी, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या शंकूच्या स्पीकरसाठी, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर भागवावे, असा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना हे स्पीकर दोन तुकड्यांत का घडले, हे आधी पाहावे लागते.

इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलमध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा छिद्रे असलेल्या दोन धातूच्या जाळ्यांमध्ये ताणून बसवलेला असतो. त्याला काही हजार व्होल्टांचा स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि जाळ्यांवर येणारा संगीताचा विद्युतदाब त्याला मागेपुढे हलवतो. पडदा जवळजवळ हवेइतकाच हलका असल्याने तंबोऱ्याची जवारी किंवा तबल्याच्या चाटेवरचा आघात तो विलक्षण स्वच्छ उमटवतो. मात्र जाळ्यांमधली फट काही मिलिमीटरचीच असते, आणि खर्जासाठी तर भरपूर हवा ढकलावी लागते. शिवाय उघड्या पॅनेलच्या पुढच्या आणि मागच्या लहरी परस्परविरुद्ध असल्यामुळे खालचे स्वर कडेने वळून एकमेकांना खोडून काढतात. यावर मोठे पॅनेल आणि वूफरची जोड, असे दोनच मार्ग उरतात.

अमेरिकेत आर्थर जान्सेन यांनी 1950च्या दशकात दुसरा मार्ग घेतला. त्यांचे इलेक्ट्रोस्टॅटिक ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचे स्पीकर, अनेक श्रोते अकूस्टिक रिसर्चच्या एआर-1 या वूफरबरोबर वापरत. एडगर व्हिल्चर यांनी 1954 साली आणलेल्या या वूफरची पेटी हवाबंद होती आणि आतली हवाच शंकूला स्प्रिंगसारखी आवरून धरत असे. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी मात्र 1957 साली आपल्या क्वाड कंपनीचा संपूर्ण इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. मधल्या सप्तकांतली त्याची निर्मळता आजही दाखला म्हणून सांगितली जाते, परंतु मोठा आवाज आणि खोल खर्ज या त्याच्या मर्यादा होत्या. वॉकर यांच्या स्पीकरलाही पुढे लोकांनी वूफर जोडले, यावरून ही अडचण किती मूलभूत आहे ते कळते. अमेरिकेतले ध्वनियंत्रांचे निर्माते मार्क लेव्हिन्सन यांच्या 1970च्या दशकातल्या एचक्यूडी संचात हार्टलीचा 24 इंची वूफर, क्वाडची पॅनेले आणि डेकाचे रिबन ट्वीटर यांना स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर दिलेले होते.

वर्धनाच्या दृष्टीने खरे वळण त्याआधीच, 1968 साली आले होते. इन्फिनिटी कंपनीच्या सर्व्हो-स्टॅटिक 1 मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलांना 18 इंची सर्व्हो वूफरची जोड होती. शंकूची प्रत्यक्ष हालचाल मूळ संकेताशी ताडून पाहायची आणि चूक अ‍ॅम्प्लिफायरकडूनच दुरुस्त करून घ्यायची, ही सर्व्होची रीत. त्यासाठी वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांसाठीच बांधलेले असावे लागतात. खर्जाचा अ‍ॅम्प्लिफायर हा स्पीकरचाच एक अवयव आहे, ही कल्पना माझ्या मते इथे पक्की झाली.

कॅन्ससमधल्या मार्टिनलोगन कंपनीने 1980च्या दशकापासून वक्र पॅनेलाखाली वूफरची पेटी ठेवून हायब्रिड स्पीकर घरोघरी पोहोचवले. 2005च्या सुमारास आलेल्या तिच्या 'समिट'मध्ये वूफरचे अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच होते आणि पॅनेल व वूफर यांच्यातली रेघ, म्हणजे जिच्याखालचे स्वर वूफरकडे आणि वरचे पॅनेलकडे जातात ती सीमा, 270 हर्ट्झवर होती. ख्याल ऐकणाऱ्याने या आकड्याशी थोडे थांबावे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा, मंद्र षड्ज 69चा आणि तार षड्ज 277चा असतो. म्हणजे मंद्र आणि मध्य ही दोन्ही सप्तके मूळ स्वरापुरती वूफर गातो, पॅनेल त्यांना केवळ वरचे अंशस्वर देते, आणि गायक तार षड्जावर पोहोचल्यावरच मूळ स्वर पॅनेलकडे जातो. आमच्याच शहराच्या उस्ताद अमीर खाँ यांची मंद्रातली अतिविलंबित बढत ऐकताना वूफर हा दुय्यम भाग उरत नाही. डग्ग्याची घुमारही त्याच्याकडेच असते.

एकाच अ‍ॅम्प्लिफायरच्या जुन्या पद्धतीत त्याला दोन भिन्न स्वभावांचे ओझे पेलावे लागते. पॅनेल कपॅसिटरसारखे वागते, त्यामुळे वरच्या टोकाला त्याचा रोध एक ओहमच्या आसपासही उतरू शकतो, आणि वूफरच्या वाटेत क्रॉसओव्हरची, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या मंडलाची, कॉइल असल्याने शंकूवरची अ‍ॅम्प्लिफायरची पकड सैल होते. दोन अ‍ॅम्प्लिफायर लावले, पण आतला क्रॉसओव्हर तसाच ठेवला, तर ओझे विभागले जाते. कॉइल मात्र जागच्या जागी राहते. शिवाय एकाची वर्धनक्षमता 26 डेसिबल आणि दुसऱ्याची 29 असेल, तर तीन डेसिबलांचा तोल नकळत बिघडतो. क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी ठेवून वूफर थेट जोडणे, ही इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवणारे रॉजर सँडर्स यांनी वर्षानुवर्षे पुरस्कारलेली पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात पकड टिकते आणि खर्जाची पातळी श्रोत्याच्या हाती राहते.

ही पातळी हाती असणे इंदुरात विशेष महत्त्वाचे आहे. उंच पॅनेलचा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर साधारण तीन डेसिबल घटतो, तर लहान वूफरचा मोकळ्या जागेत सहा. खोलीतल्या परावर्तनांनी हा फरक कमी होतो, पण नाहीसा होत नाही. त्यामुळे दोन मीटरवर जुळलेला तोल बैठकीच्या मागच्या ओळीत उरत नाही. माळव्यातल्या श्रावणात दमट हवेमुळे पडद्यावरचा भार झिरपतो, पॅनेल मंदावते आणि वूफर तसाच राहिल्याने गाणे जड वाटू लागते. स्नेह्यांच्या स्पीकरांना आतला अ‍ॅम्प्लिफायर नाही, म्हणून पहिल्या बैठकीत दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांना 100 हर्ट्झचा एकच स्वर देऊन त्यांच्या टोकांवरचे व्होल्ट मीटरने जुळवून घ्यायचे आणि मगच तंबोरा लावायचा, असे ठरले आहे.